स्कॅटरीची उजवी बाजू

मोरॅग रँकिन कामाच्या दिवशी माणसांच्या हाडांचे फोटो काढायची आणि सुट्टीच्या दिवशी लढाऊ जहाजं. सिडनीच्या इस्पितळात एक्स-रे विभागात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. सिडनी म्हणजे केप ब्रेटनची, कॅनडातली. ऑस्ट्रेलिया म्हणणाऱ्यांचा आम्हा सगळ्यांना राग येतो, तसा तिलाही यायचा. जहाजं मात्र तिने कागदावर कधीच काढली नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक टेबल होतं, त्यावर कम्प्युटर, आणि त्याच्या पडद्यावर ती एकेक पिक्सेल, म्हणजे एकेक चौकोनी ठिपका, भरत बसायची.

हे काम करणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट होता. पोलंड, ब्राझील, जपान, नॉर्वे, कुठले कुठले लोक. त्यांचे नियम कडक. एक ठिपका म्हणजे खऱ्या जहाजाचा अर्धा फूट, कमी नाही की जास्त नाही. रंग ठरवून दिलेले तेवढेच. जहाजाचं नाक उजवीकडे, म्हणजे चित्रात दिसणार ती जहाजाची उजवी बाजू. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की पुरावा नसेल तर ठिपका नाही. फोटो नाही, नकाशा नाही, तर तिथे तोफ असावी असं कितीही वाटलं तरी काढायची नाही. चित्राच्या खाली ज्याने ज्याने मदत केली त्याचं नाव लिहायचं.

तिचा नवरा ॲली खेकड्यांच्या बोटीवर जायचा. त्याला हे सगळं गमतीचं वाटायचं.

"मी आयुष्यभर खऱ्या बोटीत बसलो, तर माझ्याकडे ढुंकून बघत नाहीस," तो म्हणायचा. "अंगठ्याएवढ्या बोटीला मात्र दिवसभर आंजारत गोंजारत बसतेस."

"तुझ्या बोटीवर तोफ बसव, मग बघते," मोरॅग मान वर न करता म्हणायची.

तिने मनाशी धरलं होतं की दुसऱ्या महायुद्धात आपल्या लोकांनी जी कॉर्व्हेट जहाजं बांधली, ती सगळी काढायची. कॉर्व्हेट म्हणजे मालवाहू जहाजांच्या ताफ्याला राखण करत जाणारं छोटं जहाज. देवमासे मारायच्या बोटीच्या नमुन्यावर घाईघाईत बांधलेलं, आणि इतकं डोलणारं की ओल्या गवतावरसुद्धा डोललं असतं असं खलाशी म्हणायचे. बरीचशी काढून झाली होती. 'स्कॅटरी' मात्र अडून बसली होती.

स्कॅटरीचे फोटो मिळाले ते सगळे डाव्या बाजूचे. गोदीच्या नकाशांत आतल्या खोल्या नीट दाखवल्या होत्या, पण जहाज समुद्रावर गेल्यावर त्यात जे फेरफार होतात ते नकाशात कुठून येणार? शेवटी मोरॅगने डावी बाजू आरशासारखी उलटी केली आणि तीच उजवी म्हणून गटात टाकली. दुसऱ्याच दिवशी नॉर्वेतल्या टोरगाइर नावाच्या माणसाने खाली लिहिलं: "ही उजवी बाजू नाही. ही डावीच आहे, पाठमोरी उभी केलेली."

मोरॅगला ते लागलं, कारण ते खरं होतं. तिने चित्र काढून घेतलं.

"स्कॅटरी म्हणजे हेक्टर बूटलिअर होता तीच ना?" जेवताना ॲलीने विचारलं. "ग्लेस बेचा? माझ्या बापाबरोबर खाणीत होता तो. त्याच्या आधी नौदलात होता."

"आहे अजून?"

"आहे म्हणजे काय. नव्वदी उलटली, पण परवा बँकेच्या रांगेत एकाला शिव्या घालत होता."

हेक्टर बूटलिअर खाण कंपनीने बांधलेल्या जुन्या जोडघराच्या अर्ध्या भागात एकटा राहत होता. त्याने दार अर्धं उघडलं आणि आमच्याकडे सगळे विचारतात तेच आधी विचारलं.

"कुणाची तू?"

"डॅन रॉरीची मोरॅग. ॲली रँकिनची बायको."

"डॅन रॉरी म्हणजे तो फिडल वाजवायचा तो?"

"वाजवायचा म्हणजे, वाजवायचा प्रयत्न करायचा."

"हां, मग तोच," म्हातारा म्हणाला आणि दार पूर्ण उघडलं.

स्कॅटरीचं नाव काढल्यावर त्याने तिला बसायला खुर्ची दिली. त्याने चहा ओतला. चहा सकाळपासून शेगडीवर होता आणि त्याचा रंग खाणीतल्या पाण्यासारखा झाला होता.

"पोरी, मी बॉयलरवर होतो," तो म्हणाला. "माझं सगळं जहाज आतलं. बाहेरून मी ते दोनदाच पाहिलं. एकदा चढताना आणि एकदा बुडताना. दोन्ही वेळा डावीकडून. तुझी उजवी बाजू मला काही ठाऊक नाही."

मोरॅग निराश झाली, पण लॅपटॉप आणलाच होता म्हणून तिने त्याला डावी बाजू दाखवली. म्हाताऱ्याने चष्मा बदलला. पडद्यावर हाताच्या पंजाएवढं जहाज होतं. मोरॅगने ते मोठं केलं, मग आणखी मोठं केलं, तेव्हा कठडे दिसू लागले, दोऱ्या दिसू लागल्या, तराफे, शिडीच्या पायऱ्या.

"ह्या तराफ्याला तू पिवळा रंग दिलायस," तो म्हणाला.

"फोटो काळेपांढरे आहेत. अंदाजाने दिला."

"नारिंगी होता. आणि धुरांड्याचा हा वरचा पट्टा काळा नाही, निळा. राखणीच्या दुसऱ्या तुकडीचं जहाज होतं ते, त्यांचा निळा."

मोरॅगने तिथल्या तिथे रंग बदलला. क्षणात तराफा नारिंगी झाला. म्हाताऱ्याला ते इतकं आवडलं की त्याने आणखी चार गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन नकाशावर पडताळून खऱ्या निघाल्या. दोन मोरॅगने बाजूला ठेवल्या.

त्यानंतर ती सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याच्याकडे जाऊ लागली. कधी माशाच्या वड्या घेऊन जायची, कधी ओटची बिस्किटं. तो खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी बसायचा आणि सांगायचा. स्वयंपाकघराच्या धुरांड्याला खलाशी काय म्हणायचे, कप्तान उभा राहायचा त्या ब्रिजवर कुणी घोड्याची नाल ठोकली होती. नाल ठिपक्याहून लहान होती. "मग ती काढता येणार नाही," मोरॅग म्हणाली. "अर्ध्या फुटाखालचं आमच्यात नसतं."

"मग तुझ्या जहाजात माणसं कशी दाखवतेस?"

"माणसं नसतातच. रिकामं जहाज काढतो आम्ही."

"बरं आहे," हेक्टर म्हणाला. "भाकऱ्या कमी लागतात."

एका दुपारी ती नाकाकडच्या गोल खिडक्यांवर काम करत होती. जहाजाच्या पोटाशी ओळीने गोल खिडक्या होत्या, प्रत्येक दोन ठिपक्यांची. हेक्टरने पडद्यावर बोट टेकलं, शेवटच्या खिडकीवर.

"हिच्या शेजारी ठिगळ पाहिजे."

"कसलं ठिगळ?"

"पोलादाचं. टेबलाएवढा चौकोन. वरचा रंग ताजा होता, बाकीच्यापेक्षा उजळ."

मोरॅगने फोटो उघडले. त्यातला शेवटचा फोटो जहाज बुडायच्या थोडेच दिवस आधीचा होता, सेंट जॉन्सच्या धक्क्यावरचा. शेवटची खिडकी स्वच्छ दिसत होती. शेजारी काहीच नव्हतं.

"इथे नाहीये, मिस्टर बूटलिअर."

"आहे."

"हा बघा ना फोटो. तुम्ही कदाचित दुसऱ्या एखाद्या जहाजाचं..."

"दुसरं जहाज नव्हतं." त्याचा आवाज चढला नाही, पण बदलला. "मी त्या ठिगळाकडे जितकं पाहिलंय, तितकं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं नसेल. त्याच्या शेजारच्या खिडकीत लाइल होता."

मग त्याने सांगितलं. सलग सांगितलं, जसं कुणी रस्ता सांगतं तसं. टॉर्पेडो मागच्या बाजूला लागला. दिवस होता, ढगाळ. हेक्टर पाळी संपवून विडी ओढायला वर आला होता, म्हणून वाचला. तो डावीकडून पाण्यात उडी मारून तराफ्यावर चढला. जहाज मागून खाली गेलं आणि नाक वर आलं, आणि तसंच उभं राहिलं, काही मिनिटं. पुढच्या खोल्यांतली माणसं अडकली होती. दारं वाकली होती. गोल खिडकीतून माणसाचं डोकं येतं, खांदे येत नाहीत. शेवटच्या खिडकीत एक चेहरा होता. तेलाने काळा झालेला, ओळखू येण्यासारखा नव्हता. पण ती खिडकी बॉयलरवाल्यांच्या खोलीची होती, आणि बॉयलरवाल्यांपैकी त्या वेळी खोलीत झोपलेला एकटा लाइल मॅकॅस्किल होता. इनव्हर्नेसचा. दोघं एकाच दिवशी भरती झाले होते, आणि दोघांत मिळून एकच बरी पँट होती, गावात जायची.

"तो ओरडत नव्हता," हेक्टर म्हणाला. "नुसता बघत होता. आम्ही तराफ्यावरून बघत होतो, तो खिडकीतून. मग गेलं जहाज."

इस्पितळात मोरॅगने बरंच काही पाहिलं होतं, पण तिथे काहीतरी करायला तरी असायचं. पेशंटला म्हणता यायचं, श्वास रोखून धरा. इथे तिने लॅपटॉप मिटला.

"त्याच्या घरी गेलात कधी?" तिने विचारलं.

"नाही. त्याची आई विचारणार, शेवटचा कुणी पाहिला. मग मी काय सांगू? मला खोटं बोलता येत नाही. जहाजावर सगळे पत्त्यांत मला लुटायचे ते त्यामुळेच." त्याने कप उचलला आणि रिकामा आहे हे पाहून खाली ठेवला. "आई गेली. बहीण आहे त्याची. जेसी."

मोरॅगने ठिगळ काढलं नाही. तिने त्याला आपला नियम समजावून सांगितला, जमेल तितक्या हळुवारपणे. त्याने ऐकून घेतलं.

"मग नको काढूस," तो म्हणाला. "तुझं जहाज आहे."

ते तिच्या मनाला खात राहिलं. घरी तिने ॲलीला सगळं सांगितलं. ॲली जाळ्याची दोरी गाठत बसला होता.

"काढ की एक चौकोन," तो म्हणाला. "कोण येणार आहे मोजायला?"

"मी."

"नव्वदीचा माणूस आहे गं तो."

"म्हणूनच. त्याला बरं वाटावं म्हणून काढलं तर ते त्याला कळेल. वेडा नाहीये तो."

ॲलीने खांदे उडवले. पण तो पुन्हा दोरी गाठू लागला, म्हणजे त्याला पटलं होतं.

वसंतात, खेकड्यांचा हंगाम सुरू झाला तेव्हा, टोरगाइरचा निरोप आला. त्याचे चुलते युद्धात नॉर्वेच्या मालवाहू जहाजावर होते. त्यांच्या मुलीकडे जुने फोटो निघाले, त्यातला एक आइसलंडच्या खाडीतला होता. मधोमध कुणी दोन खलाशी हसत उभे होते, आणि त्यांच्या खांद्यांच्या मागे, पाण्यावर, एक कॉर्व्हेट. नाकावरचा क्रमांक वाचता येत होता. स्कॅटरी. उजवी बाजू.

मोरॅगने तो फोटो मोठा केला. करड्या रंगातला करडा फरक ओळखणं हे तर तिचं रोजचं काम. हाडाला गेलेला केसाएवढा तडा ती चहा पिता पिता ओळखायची. नाकाकडच्या खिडक्यांच्या ओळीच्या शेवटी, शेवटच्या खिडकीशेजारी, एक चौकोन होता. बाकीच्यापेक्षा उजळ.

तिला इतका आनंद झाला की तिने टोरगाइरला आभाराची तीन वाक्यं लिहिली आणि तिन्हीत स्पेलिंग चुकवलं. तिने ठिगळ काढलं, रंग भरला, लॅपटॉप बंद केला आणि अंगावर कोट चढवून थेट ग्लेस बे गाठलं. सबंध रस्ता ती मनात म्हणत होती, बरोबर होतं त्यांचं, बरोबर होतं.

"मिस्टर बूटलिअर, तुमचं बरोबर होतं," ती दारातच म्हणाली. "ठिगळ होतं. हा बघा फोटो."

हेक्टरने चष्मा बदलला. फोटो पाहिला, मग तिने काढलेलं चित्र पाहिलं. त्याच्या तोंडावर समाधान आलं, आणि मग ते हळूहळू उतरलं.

"नाक उजवीकडे आहे," तो म्हणाला.

"हो. ही उजवी बाजू. शेवटी मिळाली."

"म्हणजे ठिगळ उजव्या बाजूला होतं."

"हो, म्हणून तर आपल्याला डाव्या फोटोत..." मोरॅग बोलता बोलता थांबली. तो काय बघतोय हे तिला आत्ता दिसलं. ठिगळाच्या धांदलीत तिने खिडकीचा विचारच केला नव्हता.

"तराफा फिरला असणार," हेक्टर म्हणाला. "मागून. वारा होता. मी समजत होतो आपण डावीकडेच आहोत." त्याने खिडकीच्या त्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. "आमची खोली डावीकडे होती. उजवीकडे आमच्या पलीकडे छोट्या अधिकाऱ्यांची खोली. मध्ये भिंत. ही खिडकी आमची नाही."

मोरॅगने नकाशा उघडला, कारण दुसरं काय करावं तिला कळेना. नकाशात तेच होतं. तिने तो शेकडो वेळा पाहिला होता.

"लाइल नव्हता तो," हेक्टर म्हणाला.

"नसावा."

"नसावा नाही. नव्हता. तिकडे जायला दारच नव्हतं आमच्याकडून." त्याने चष्मा काढला. "मग मी इतकी वर्षं मनातल्या मनात कुणाशी बोलत होतो?"

त्याचा मोरॅगकडे उत्तर मागायचा हेतू नव्हता. तो उठला, खिडकीशी गेला, बाहेर शेजाऱ्याची वाळत घातलेली चादर बघत उभा राहिला.

"तू जा आता," तो म्हणाला. आणि ती दाराशी पोचल्यावर, "तुला काय गरज होती ते शोधायची? मला ठाऊक होतं तेवढं पुरत होतं मला."

त्यानंतर त्याने फोन उचलला नाही. मोरॅग एकदा जाऊन आली. दिवाणखान्यात टीव्ही चालू होता, पण दार उघडलं नाही. तिने माशाच्या वड्यांचा डबा पायरीवर ठेवला. डबा पुढच्या खेपेला धुतलेला, तिथेच पायरीवर होता, त्यावरून तिला इतकंच कळलं की तो जेवतोय. गटातले लोक विचारू लागले की स्कॅटरी कधी येणार. चित्र पूर्ण झालं होतं. तिने ते टाकलं नाही. ते टाकायला त्याची परवानगी लागते असा काही नियम नव्हता, पण तिला ते जमेना.

"तू मुद्दाम केलं नाहीस," ॲली म्हणाला.

"मी आनंदाने नाचत गेले रे त्याच्याकडे," मोरॅग म्हणाली. "तेच मला सहन होत नाहीये."

खेकड्यांचा हंगाम संपत आला तेव्हा एका सकाळी फोन वाजला.

"गाडी आहे ना तुझी चालू?" हेक्टरने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आहे."

"मला इनव्हर्नेसला जायचंय. जेसी मॅकॅस्किलकडे. बस तिकडे जात नाही, आणि माझा शेजारी गाडी चालवतो तशी चालवायची असेल तर मी चालत गेलेलं बरं."

रविवारी ते निघाले. त्याने कोट घातला होता, टाय लावला होता, आणि मांडीवर बिस्किटांचा डबा धरून तो असा बसला होता जणू डबा उडून जाईल. निम्म्या वाटेवर बॅडेक गाव आलं. तिथे तो आपणहून म्हणाला, "मी रागावलो होतो तुझ्यावर."

"ठाऊक आहे."

"आता नाहीये असं म्हणत नाहीये मी. पण विचार केला. मी तिच्याकडे गेलो नाही कारण जे पाहिलं ते सांगावं लागलं असतं. आता मी काहीच पाहिलेलं नाही. मग न जायला कारण काय उरलं?"

जेसी मॅकॅस्किलचं घर इनव्हर्नेसला समुद्राकडच्या उतारावर होतं. ती काठी घेऊन दारात उभी होती. फोनवर बोलणं झालेलं होतं, तरी तिने त्याला नखशिखांत पाहून घेतलं.

"तू हेक्टर," ती म्हणाली.

"हो."

"लाइलने लिहिलं होतं तू उंच आहेस म्हणून."

"होतो."

"उशीर केलास."

"हो," हेक्टर म्हणाला. त्याने सबब सांगितली नाही.

आत टेबलावर गरम पाव, काकवी, लोणी आणि खजुराच्या छोट्या गोड वड्या मांडल्या होत्या. जेसीने चहा ओतला आणि समोर बसली. स्कॅटरीवरून वाचलेले दोघंजण युद्ध संपल्यावर लगेच येऊन गेले होते, ती म्हणाली, पण ते लाइलला धड ओळखतही नव्हते. आई हेक्टरची वाट पाहायची. मग आईने ठरवलं की त्या दोघांचं भांडण झालं असणार.

"भांडण नव्हतं," हेक्टर म्हणाला. "एकदा पँटवरून झालं होतं. ते मिटलं."

"कसली पँट?"

त्याने पँटची गोष्ट सांगितली. सेंट जॉन्सच्या नाचाला एकाने जायचं आणि दुसऱ्याने चादर गुंडाळून बसायचं, आणि लाइल एकदा परत आलाच नाही सकाळपर्यंत, आणि हेक्टर तसाच कसा पाळीवर गेला. जेसी हसली, तोंडावर हात धरून, आणि मोरॅगला दिसलं की ही बाई तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होती.

मग जेसीने विचारलं, "तू पाहिलास का त्याला? शेवटी?"

मोरॅगने चमचा खाली ठेवला. हेक्टरने जेसीकडे सरळ पाहिलं.

"नाही पाहिला. तो झोपलेला होता. मी वर होतो. मग मी पाण्यात होतो. मी पाहिला असं मला वाटत होतं, पुष्कळ वर्षं. तो दुसरा कुणी होता. मला वाटत होतं ते फार वाईट होतं, जेसी. ते तुम्हाला सांगायला नको म्हणून मी आलो नाही. ते लाइलचं नव्हतं. लाइलचं काय झालं मला ठाऊक नाही."

जेसी काही वेळ काकवीच्या भांड्याचं झाकण फिरवत बसली.

"काय होतं ते वाईट?"

"दुसऱ्या कुणाचं आहे ते. त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाही सांगणार."

"बरं," जेसी म्हणाली. "मी इतकी वर्षं नाना गोष्टी मनात रचल्या. त्याच्याहून वाईट काय असणार आहे?" मग तिने वड्यांची बशी त्याच्याकडे सरकवली. "खा. इतक्या लांबून आलास आणि उष्टावलंसुद्धा नाहीस."

निघताना मोरॅगने चित्र दाखवलं. जेसीने ते हातभर लांब धरून पाहिलं. लाइलची खोली कुठली, तिने विचारलं. हेक्टर म्हणाला, ती या बाजूने दिसत नाही. जेसी म्हणाली, असू दे, जहाज देखणं आहे, आईला वाटायचं की बादलीत बसवून पाठवलं पोराला.

परतीच्या वाटेवर, एन्स्ली तलाव डाव्या हाताला असताना, हेक्टर नावं घेऊ लागला.

"त्या खोलीत चौघं राहायचे. डॉयल. मर्फी, तो दाढीवाला. क्रिसमन, ल्यूननबर्गचा. आणि कूट्स." तो पुढच्या काचेतून रस्ता पाहत होता. "यांच्यापैकी कुणीतरी."

"कोण, ते कळेल का कधी?"

"कसं कळणार? डॉयल आणि क्रिसमन बहुतेक पाळीवर होते. मर्फी असेल. कूट्स असेल." त्याने डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. जेसीने तो परत भरून दिला होता. "कूट्स मला मुळीच आवडायचा नाही. हलकट होता. माझ्या विड्या जप्त करायचा आणि स्वतः ओढायचा. आणि तो असेल तर सत्तर वर्षं मी त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावतोय."

मोरॅगला हसावं की नाही कळेना. हेक्टरनेच सोडवलं. तो आधी खांद्यांनी हसला, मग आवाजाने, मग त्याला खोकला आला आणि तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"पुढेही लावणार का?" तिने पाण्याची बाटली देत विचारलं.

"लावायलाच पाहिजे," तो डोळे पुसत म्हणाला. "कुणीतरी तिथे होतंच की. मी पाहिलंय त्याला. आणि त्याने मला."

आठवड्याभरात मोरॅगने स्कॅटरी गटात टाकली. ठिगळ, निळा पट्टा, नारिंगी तराफा, सगळं. खाली तीन नावं लिहिली: तिचं, टोरगाइरचं आणि हेक्टर बूटलिअरचं. टोरगाइरने विचारलं, हे तिसरे कोण, कुठल्या देशाचे सभासद? तिने लिहिलं, सभासद नाहीत, जहाजावर होते. त्यावर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही, आणि मग पोलंडच्या एकाने मागच्या दोरखंडाच्या जाडीबद्दल शंका काढली.

हेक्टर आणि जेसी दर रविवारी फोनवर बोलू लागले. दोघांनाही कमी ऐकू यायचं, त्यामुळे हेक्टरच्या शेजाऱ्यालाही सगळं कळायचं. बर्फ पडेपर्यंत मोरॅगने त्याला आणखी दोनदा इनव्हर्नेसला नेलं. दुसऱ्या खेपेला त्या दोघांचं राजकारणावरून असं वाजलं की जेसीने त्याला चहा दिला नाही, आणि पुढच्या रविवारी फोन मात्र तिनेच केला.

मोरॅगने पुढचं जहाज घेतलं. त्याचे फोटो भरपूर होते, दोन्ही बाजूंचे. ॲलीचा हंगाम संपला होता, तो तिच्या मागे उभा राहून चहा पीत होता.

"ह्याच्यावर होतं का आपल्यापैकी कुणी?" त्याने विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "विचारून बघू या."